कॉम्प्युटर ४२ हजारांचा, पण पडतो कितीला? छोट्या व्यापाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या घाऊक व्यापाऱ्यांकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवणं आणि नंतर ते चालतं ठेवणं हे माझं काम. खालचे प्रश्न गादीवर बसून, चहा पिता पिता विचारलेले आहेत. उदाहरणांत जिथे किमती आल्यात, तिथे हिशेब समजावा म्हणून आकडे धरले आहेत. तुमचे दर तुमच्या बिलांवरून घ्या.

'मालकीचा पूर्ण खर्च' म्हणजे काय हो? खरेदीचं बिल आहे की माझ्याकडे.

खरेदीचं बिल म्हणजे लग्नपत्रिका. संसाराचा खर्च त्यावर छापलेला नसतो. कॉम्प्युटर दुकानातून आणल्या दिवसापासून तो भंगारात जाईपर्यंत त्याच्या पायी जे जे जातं, ते सगळं मिळून त्याचा पूर्ण खर्च. वीज, कागद, टोनर, दुरुस्ती, सॉफ्टवेअरचं नूतनीकरण, इंटरनेट, माणसाला शिकवायला लागलेले दिवस आणि बंद पडला तेव्हा हात बांधून बसलेली माणसं, हे सगळं त्यात आलं. १९८७ मध्ये गार्टनर या अमेरिकी कंपनीने हा विचार कॉम्प्युटरला लावून दाखवला, तेव्हापासून मोठ्या कंपन्यांत त्याला 'टीसीओ' म्हणतात.

आपल्याकडच्या ट्रकमालकाला हे शिकवावं लागत नाही. गाडी कितीला पडते विचारा. डिझेल, टायर, विमा, पासिंग, ड्रायव्हरचा भत्ता सगळं धरून तो 'किलोमीटरला इतके' असं सांगतो. तोच माणूस ऑफिसातल्या कॉम्प्युटरबद्दल 'बेचाळीस हजारांचा आहे' म्हणून गप्प बसतो.

आमच्याकडे इनमिन चार कॉम्प्युटर. आम्हाला कशाला हे हिशेब?

चारांचाच मांडून बघू. धरून चला, एक किराणा मालाचा घाऊक व्यापारी आहे. महिन्याला हजार बिलं, चार माणसं, पाच वर्षांचा काळ. जीएसटीचा परतावा मिळतो, म्हणून किमती जीएसटी सोडून घेतल्या आहेत.

पहिल्या दिवशीची खरेदी:
चार डेस्कटॉप, प्रत्येकी ४२,००० – १,६८,०००
लेझर प्रिंटर – १८,०००
चार यूपीएस – १२,०००
राउटर, स्विच, वायरिंग – १०,०००
चौघांना एकदम वापरता येईल असं हिशेबाचं सॉफ्टवेअर – ६५,०००
एकूण २,७३,००० रुपये.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. आता पुढची पाच वर्षं:
सॉफ्टवेअरचं नूतनीकरण, चार वेळा १३,००० – ५२,०००
महिन्याला २,००० पानं, टोनर आणि कागद मिळून पानाला १ रुपया १५ पैसे – १,३८,०००
वीज – ७२,०००
इंटरनेट, एक मुख्य आणि एक राखीव लाइन – ७८,०००
दुसऱ्या वर्षापासून एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) – ४०,०००
यूपीएसच्या बॅटऱ्या एकदा बदलल्या – ४,०००
अँटिव्हायरस, ईमेल, ऑनलाइन बॅकअप – ६०,०००
सुरुवातीचं शिक्षण आणि जुना डेटा चढवणं – २०,०००
एकूण ४,६४,००० रुपये.

विजेचा आकडा बघून लोक चमकतात, म्हणून तो फोडून सांगतो. मॉनिटरसह एक डेस्कटॉप साधारण १०० वॅट धरला, तर चारांचे ४०० वॅट. दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १,२०० युनिट. व्यापारी जोडणीचा दर सगळे आकार धरून १२ रुपये घेतला तर वर्षाला १४,४०० रुपये. एसी यात नाही. लॅपटॉप घेतले तर हा आकडा निम्म्याखाली येतो, पण लॅपटॉपचा कीबोर्ड चहा पितो तेव्हा ती बचत एका दुपारी परत जाते.

अजून एक आकडा राहिला, आणि तो कोणत्याच बिलावर नसतो. रोज प्रत्येकाची फक्त दहा मिनिटं वाया जातात असं धरा. प्रिंटर ऑफलाइन, पासवर्ड आठवत नाही, पडद्यावर चक्र गरगर फिरतंय. चौघांची मिळून वर्षाला २०० तास, पाच वर्षांत १,००० तास. महिना १८,००० पगार, २६ दिवस, दिवसाला आठ तास, म्हणजे तासाला ८६ रुपये. झाले ८६,०००.

सगळं मिळून ८ लाख २३ हजार. त्यात पहिल्या दिवशीची खरेदी २ लाख ७३ हजार, म्हणजे तीन रुपयांतला एक. उरलेले दोन रुपये तुम्ही हळूहळू देता, म्हणून टोचत नाहीत. महिन्याला साधारण १३,७०० रुपये. हजार बिलांनी भागा, एका बिलामागे पावणेचौदा रुपये. साखरेच्या पोत्यावर तुम्ही किती नफा घेता ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्याच्याशेजारी हा आकडा ठेवा.

पण सगळी व्हाउचरं खात्यात पडतातच की. मग खर्च दिसत का नाही?

कारण तो सहा खात्यांत सांडलेला असतो. टोनर 'छपाई व लेखनसामग्री'त, इंटरनेट 'टेलिफोन'मध्ये, वीज विजेत, कॉम्प्युटरवाल्याला दिलेले पाचशे रुपये 'किरकोळ'मध्ये, आणि मुलगा पुण्याच्या टापकीर गल्लीतून केबल घेऊन आला ते 'प्रवासा'त. ताळेबंद चोख, पण प्रश्नाला उत्तर नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि तुम्ही त्याचे पैसे आधीच दिले आहेत. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉस्ट सेंटर नावाची सोय असते. 'कॉम्प्युटर' नावाचं एक सेंटर उघडा. खाती आहेत तशीच ठेवा, फक्त व्हाउचर मारताना हे सेंटर निवडायचं. वर्षाअखेर एका बटणावर सगळं समोर येतं. पहिले दोन महिने मुनीम कुरकुर करतो.

घरातला पुतण्या सगळं बघतो, फुकटात. मग खर्च कसला?

हा पुतण्या मी किमान वीस पेढ्यांत पाहिलाय. हुशार असतो, वादच नाही. पण दोन गोष्टी होतात. एक, त्याला बारावीनंतर पुण्याला जायचं असतं. दोन, जाताना तो सगळे पासवर्ड डोक्यात घेऊन जातो.

राउटरचा पासवर्ड, सॉफ्टवेअरचं ॲडमिन खातं, कंपनीचा ईमेल त्याच्याच मोबाइलवर नोंदवलेला. वेबसाइटचं नाव तर बहुतेक वेळा त्याच्या किंवा ज्याने साइट करून दिली त्याच्या नावावर असतं. भांडण झालं किंवा नुसता फोन लागला नाही, तरी तुमच्या पेढीचं नाव दुसऱ्याच्या ताब्यात. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने अशा नावासाठी आठ महिने वाट पाहिली आणि शेवटी नवीन नाव घेतलं. व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं, दुकानाची पाटी, सगळं पुन्हा छापलं. आज संध्याकाळी एक वही घ्या, त्यात प्रत्येक खातं कोणाच्या नावावर, कोणत्या मोबाइलवर, कधी संपतं हे लिहा आणि ती तिजोरीत ठेवा. पुतण्याला दर महिन्याला काहीतरी द्या. फुकटच्या कामाचा जाब विचारता येत नाही.

प्रिंटर कोणता घ्यावा? चार हजारांतही मिळतो म्हणे.

मिळतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने केली, त्याने प्रिंटर पाहिला नव्हता, तरी ती नेमकी त्यालाच लागू पडते.

प्रिंटरची किंमत बघू नका, पानाची किंमत काढा. कार्ट्रिजची किंमत भागिले त्यातून निघणारी पानं. ९०० रुपयांच्या छोट्या कार्ट्रिजमधून १५० पानं निघत असतील, तर पानाला सहा रुपये. वरच्या उदाहरणातली महिन्याची दोन हजार पानं यावर काढली, तर शाईलाच महिन्याला १२,००० रुपये लागतील. तीन महिन्यांत लेझर प्रिंटरची किंमत दुप्पट वसूल. इंक टँकवाला प्रिंटर पानाला फार स्वस्त पडतो, पण रोज चालला पाहिजे. पंधरा दिवस बंद ठेवला की हेडमध्ये शाई वाळते.

खोक्यावरचा 'इतकी पानं' हा आकडा पानावर साधारण पाच टक्के शाई लागेल असं धरून मोजलेला असतो. आपलं बिल म्हणजे चौकटी, रेघा, वर गणपती, खाली अटी व शर्ती. पाच टक्क्यांत ते बसत नाही. शिवाय नव्या प्रिंटरसोबत येणारं टोनर बऱ्याचदा अर्धवट भरलेलं असतं, त्यावरून हिशेब करू नका.

आणि हो, डॉट मॅट्रिक्सला हसू नका. जीएसटीत मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: ग्राहकाची, वाहतूकदाराची, आपली. कार्बनचा कागद लावला की डॉट मॅट्रिक्स एकाच फेऱ्यात तिन्ही काढतो, आणि रिबन स्वस्त. कान किटतात, तेवढं सोसा.

जुना कॉम्प्युटर चालतोय. कशाला बदलू?

आधी तो का हळू झाला ते बघा. त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकून रॅम वाढवली की थोडक्या खर्चात तो पुन्हा धावतो. मी हा सल्ला दिला की दुकानदार मित्र नाराज होतात, पण खर्चाच्या हिशेबात यासारखी दुसरी दुरुस्ती नाही.

अडचण वेगळीच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. कॉम्प्युटर चालतो, पण सुरक्षेच्या फटी बुजवणारे अपडेट फुकट येत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. साधारण २०१८ च्या आधीचे बरेच कॉम्प्युटर इथेच गळतात. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं की दोन मिनिटांत कळतं.

पैसे भरून जादा अपडेट घेण्याची सोय आहे. संस्थांसाठी तिचा दर पहिल्या वर्षी एका कॉम्प्युटरला ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट, फार तर तीन वर्षं. ६१, १२२ आणि २४४, म्हणजे ४२७ डॉलर. तेवढ्यात नव्या कॉम्प्युटरचा मोठा हिस्सा येतो. ज्याची दोन वर्षांत बदली ठरलीच आहे त्याला पहिलं वर्ष घेणं ठीक, तिसरं वर्ष घेणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. बँकेचे व्यवहार आणि जीएसटी ज्या कॉम्प्युटरवर होतात तो आधी बदला. गोदामातला, नुसतं लेबल छापणारा, इंटरनेटपासून तोडून अजून चालवा.

सेकंडहँड किंवा रिफर्बिश्ड घ्यावा का?

घ्यावा, पण बिल, वॉरंटी आणि प्रोसेसरची पिढी बघून. मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले बिझनेस मॉडेल मजबूत असतात, सुटे भागही मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात टापकीर गल्लीत भाव करून निम्म्यात मिळेल. सातव्या पिढीचा स्वस्त पडतो म्हणून घेतलात, तर वरचा प्रश्न पुन्हा वाचा.

सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यावं की महिन्याच्या भाड्याने?

वरच्या उदाहरणात एकदाची किंमत ६५,००० आणि नूतनीकरण ५२,०००, म्हणजे पाच वर्षांत १,१७,०००. तेच क्लाउडवर (विक्रेत्याच्या सर्व्हरवर, इंटरनेटवरून) माणशी महिना ६०० रुपये असेल, तर चौघांचे साठ महिन्यांचे १,४४,०००. वरवर पाहता विकत घेणं स्वस्त. पण क्लाउडवाल्याच्या भाड्यात सर्व्हर, बॅकअप आणि अपडेट आले. विकतच्यात ते तुमच्याकडे. ज्याच्याकडे हे बघायला माणूस नाही, त्याला भाड्याचं स्वस्त पडू शकतं. तालुक्याच्या गावात जिथे इंटरनेट दुपारी दोन तास गुल होतं, तिथे मी अजूनही आपल्याच कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर सांगतो. ग्राहक समोर उभा असताना 'नेट नाही' म्हणणं फार महाग पडतं.

भाड्याच्या करारात तीन गोष्टी विचारा. दुसऱ्या वर्षीचा दर काय? पहिल्या वर्षीची सवलत लोक कायमची समजतात. माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचं लायसन्स मधेच कमी करता येतं का? बऱ्याच ठिकाणी वर्ष संपेपर्यंत येत नाही. आणि बिल रुपयांत की डॉलरमध्ये? २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आत होता, वर्ष संपताना ८२ च्या पुढे. विक्रेत्याने दमडी न वाढवता तुमचं भाडं दहा टक्क्यांनी वाढलं. शिवाय परदेशी कंपनीकडून थेट सेवा घेतली, तर जीएसटी नोंदणी असलेल्याला रिव्हर्स चार्जने कर स्वतः भरावा लागतो. परतावा मिळतो, पण आधी रोख जाते आणि विवरणपत्रात एक ओळ वाढते.

सगळेच 'क्रॅक' वापरतात. आपण पैसे का भरायचे?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड आहे. हे झालं कायद्याचं. माझा अनुभव वेगळा आहे: क्रॅक चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. चोराला चावी देऊन वर कुत्राही बांधून ठेवायचा, असा हा प्रकार. पैसेच वाचवायचे असतील, तर पत्रं आणि तक्ते लिहायला लिबरऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे. चारपैकी तीन कॉम्प्युटरवर ते चालून जातं. ज्याला बँकेसाठी किचकट एक्सेल करावी लागते, त्याच्यापुरतं विकत घ्या.

एएमसी करावी का? वर्षभर कोणी फिरकतच नाही.

कागद वाचून करावी. एएमसी दोन प्रकारची: पार्टसह आणि पार्टशिवाय. पार्टशिवायची म्हणजे माणूस येईल, बघेल आणि बोर्ड जळालाय असं सांगेल. त्यासाठी वर्षाला अडीच हजार द्यायचे का ते ठरवा. पार्टसहच्या करारातही यूपीएसची बॅटरी, प्रिंटरचं हेड, कीबोर्ड-माउस बहुधा वगळलेले असतात.

नव्या कॉम्प्युटरला कंपनीची तीन वर्षांची जागेवर येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी घेतली, तर पहिली तीन वर्षं एएमसीची गरजच उरत नाही. ती खरेदीच्या वेळीच घ्या, नंतर महाग पडते.

एक गोष्ट मात्र कोणत्याच एएमसीत नसते, ती म्हणजे अर्थिंग. एमआयडीसीत किंवा जुन्या पेठेतल्या वाड्यात वर्षात दोन पॉवर सप्लाय उडत असतील, तर कॉम्प्युटरवाल्याला नाही, वायरमनला बोलवा. जमिनीत पुरलेली अर्थिंगची पट्टी कोरडी पडलेली असते. उन्हाळ्यात तिच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतणारे शहाणे व्यापारी मी पाहिलेत.

बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतो. पुरतो ना?

तो पेन ड्राइव्ह कुठे असतो? कॉम्प्युटरच्याच ड्रॉवरमध्ये.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला सांगली-कोल्हापुरात काय झालं ते इथल्या वाचकाला सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ बुडाली. कॉम्प्युटर, त्याचा पेन ड्राइव्ह आणि उधारीची वही तिन्ही एकाच पाण्यात. माल विम्यात थोडाफार निघतो, पण कोणाकडून किती येणं आहे हे कुठला विमा सांगणार? उधारीवर चालणाऱ्या धंद्यात तीच सगळ्यात मोठी मालमत्ता.

जुना नियम ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे क्लाउड, किंवा दर शनिवारी घरी नेलेली डिस्क. घर नदीकाठी असेल, तर मेहुण्याच्या घरी. आणि ती डिस्क कायम कॉम्प्युटरला लावून ठेवू नका. खंडणी मागणारा व्हायरस आला की लावलेलं सगळंच कुलूपबंद होतं.

'आमच्यावर कोण हल्ला करणार' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. तो शिरला कुठून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कॉम्प्युटर आडवे झाले, त्याची झळ न्हावा शेवाला जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनललाही बसली. मर्स्कने नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर सांगितला. त्यांच्या अख्ख्या जाळ्याची यादी ठेवणाऱ्या मुख्य सर्व्हरच्या प्रती जगभर पुसल्या गेल्या होत्या. एक वाचली, घाना देशात. तिथे त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर बंद होता. लोडशेडिंगचे उपकार मानण्याचा एवढा मोठा प्रसंग दुसरा मला ठाऊक नाही.

बॅकअप घेतला, आता तो परत चढवून बघा, तीन महिन्यांतून एकदा. न तपासलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

सरकार नियम बदलतं, त्याचा खर्च कुठे धरायचा?

वेगळा धरा, कारण तो येतोच. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर सक्तीची नोंद, बघा. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटी उलाढालीवाल्यांपासून सुरुवात झाली. मग १००, ५०, २०, १० करत १ ऑगस्ट २०२३ ला ती ५ कोटींवर आली. दर पायरीला कोणीतरी असा होता जो 'हे मोठ्यांचं आहे' म्हणून निवांत होता. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा नवरात्राच्या घटस्थापनेला दुकानं उघडण्याआधी हजारो आयटमचे दर बदलावे लागले. ज्यांचं नूतनीकरण चालू होतं त्यांना सोय मिळाली. बाकीचे रात्रभर एक-एक आयटम उघडत बसले. नूतनीकरणाचे १३ हजार वाचवले, आणि दोन माणसांची चार दिवसांची झोप घालवली.

कर किती वाचतो?

चार ओळींत सांगतो, बाकी तुमच्या सीएंना विचारा. कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरला आयकरात घटत्या बाकीवर ४० टक्के घसारा: एक लाखाचे वर्षाअखेर ६०,०००, मग ३६,०००, मग २१,६००. खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्या वर्षी निम्माच घसारा. म्हणून लक्ष्मीपूजनाला पूजेत ठेवलेल्या कॉम्प्युटरला त्या वर्षी २० टक्केच मिळतात. एका दिवसात एका माणसाला रोख १०,००० हून जास्त दिलेत, तर ती रक्कम घसाऱ्यात धरत नाहीत. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत असाल, तर घसारा वेगळा मागता येत नाही.

जीएसटी १८ टक्के. परतावा हवा, तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर पाहिजे. मुलाच्या खात्यावरून ऑनलाइन मागवलेल्या ४२,००० च्या कॉम्प्युटरवर ७,५६० रुपये असेच पाण्यात जातात. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरणाऱ्यांना) परतावा नाहीच, त्यांनी माझ्या वरच्या उदाहरणातल्या बहुतेक किमतींत १८ टक्के मिळवून घ्यावेत. आणि जीएसटीची रक्कम घसाऱ्यात धरली तर तिचा परतावा मागता येत नाही, दोन्ही ताटांत जेवता येत नाही.

यूपीआयला तर काही पडत नाही ना?

बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं कमिशन, नाही. पण 'अमुक रुपये प्राप्त झाले' असं ओरडणाऱ्या डब्याचं भाडं महिन्याला कापलं जातं, आणि दुकानात तीन कंपन्यांचे तीन डबे असतात. एक ठेवा. कार्ड मशीनचंही भाडं आणि क्रेडिट कार्डावरचं कमिशन वेगळं. बँकेचा उतारा काढून बघा.

उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं झालं तर?

हा प्रश्न घेण्याआधी विचारायचा असतो, विचारतो कोणी सोडताना. विक्रेत्याला सांगा: माझी सगळी खाती, आयटम, जुनी बिलं एक्सेलमध्ये काढून दाखव. आत्ता, समोर. 'नंतर देऊ' म्हणाला तर समजून जा.

मराठीत काम करणाऱ्यांना इथे आणखी एक जुना फटका बसलेला आहे. युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणारा अक्षरांचा एकच संकेत) येण्याआधी प्रत्येक फॉन्टचं स्वतःचं कोडिंग होतं. वीस वर्षांपूर्वीची पतसंस्थेची सभासद यादी, छापखान्यातल्या पत्रिका, सोसायटीचे ठराव अशा फॉन्टमध्ये पडून आहेत. फॉन्ट गेला की 'श्री'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात, म्हणून शेवटी एक माणूस बसवून दोन हजार नावं वाचून घ्यावी लागतात. ते आठवडे त्या जुन्या 'स्वस्त' सॉफ्टवेअरच्या खर्चातच धरले पाहिजेत. आज काही नवीन घेताना मराठी युनिकोडमध्ये साठवतं का, आणि नावाने शोधल्यावर 'ज्ञानेश्वर' सापडतो का, एवढं तपासा.

जुन्या कॉम्प्युटरांचं काय करू? माळ्यावर सहा पडलेत.

त्यातून रॅम, केबल, चालू मॉनिटर काढून राखीव ठेवा. हार्ड डिस्क मात्र देऊ नका. 'डिलीट' केलेलं परत काढता येतं, आणि त्यात तुमच्या ग्राहकांचे पॅन, खाते क्रमांक, सगळी उधारी आहे. डिस्क नीट पुसून घ्या किंवा सुताराकडून ड्रिलने तीन भोकं पाडा. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरावाल्याला द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो त्यानेच हाताळायचा असतो, रस्त्यावरच्या भंगारवाल्याने तांब्यासाठी तारा जाळत बसायचं नाही. पावती मागा, फाइलला लावा. मिळालेले हजार-बाराशे रुपये 'कॉम्प्युटर' सेंटरलाच जमा करा, 'किरकोळ'मध्ये नको.